मागचं डावं चाक

३० सप्टें., मंगळ.
आज चार गाड्यांचे शॉकअब बदलले. पुण्याच्या रस्त्यांवर खड्डे आहेत तोवर मला मरण नाही. उद्या खंडेनवमी. संध्याकाळी पाने, हातोड्या, जॅक डिझेलनं पुसून ठेवले. मंगलनं बजावलं, पूजा झाल्यावर हत्याराला हात लावायचा नाही. लग्न झाल्यापासून दर वर्षी बजावते.

१ ऑक्टो., बुध.
पूजा आटोपली. हत्यारं पाटावर, वर हळदकुंकू, झेंडू. शटर ओढणार तेवढ्यात जोगळेकर सर हजर, बरोबर काकू. नववीत यांनी मला गणितात नापास केलं. आता सदाशिव पेठेतून धायरीपर्यंत गाडी फक्त माझ्याकडे आणतात. म्हणाले, "मागे डावीकडे खडखडतंय. चाकापाशी तेलही दिसतंय. तुझ्या पान्यांची झोप मोडणार नसेल तर बघ."
डिकीचा तो कोपरा दाबून सोडला. गाडी तीनदा उसळली. शॉकअब गेलेला. वाकून पाहिलं, तो तेलानं ओला, टायरची आतली बाजूही ओली. म्हटलं, सर, शॉकअबचंच तेल उतरलंय. हादरे बसतील, धोका काही नाही, शुक्रवारी आणा. चाक खोलायचं तर जॅक पाटावर. घरी ताट वाढलेलं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
दुपारी सरांच्या मुलाचा फोन. सणाला बंगळूरहून आलाय. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. काकू खाली उतरून गेट उघडत होत्या. गाडीच्या धडकेनं त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. "बाबांनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला असणार. गाडी तुमच्याकडे टो करतोय."
जेवलो नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं ब्रेक ऑइल. चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं रबर फाटलंय. शॉकअबचं तेल जाड, काळपट. हे पातळ. परवा बोटावर घेतलं असतं तरी कळलं असतं. एकाच चाकाशी दोन गळत्या, आणि मी पहिलीवर थांबलो. मग पुढं जाऊन ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. तेल तळाला गेलेलं.
सकाळपासून स्वतःला सांगतोय, पूजा होती, हत्यार उचलता येत नव्हतं. पण बॉनेट उघडायला पाना लागत नाही. बाटली नुसत्या डोळ्यांनी दिसते.
आणि मग काय केलं? नवा सिलिंडर टाकला, ऑइल भरलं, ब्रेकमधली हवा काढली. हात सवयीनं चालले असं लिहिणार होतो. खोटं आहे ते.

४ ऑक्टो., शनि.
मुलगा आला. पेडल दाबून बघितलं. "ब्रेक तर एकदम ओके आहेत." मी हो म्हणालो. किल्ली त्यानं खिशात टाकली. बाबांना आता गाडी नाही म्हणे.
बावीस वर्षांचं गॅरेज. एका "हो"वर वाचलं. थू.

७ ऑक्टो., मंगळ.
हॉस्पिटलला गेलो. काकू माझ्याशी बोलल्या. "किती वेळा सांगितलं यांना, गाडी सोडा, डोळे तपासा. आता मी यांच्या शेजारी बसायची नाही." सरांकडे बघितलंही नाही.
सर खिडकीपाशी उभे. जाताना मी केळी नेली होती, त्यावरूनही टोमणा नाही. खाली सोडायला आले तेव्हा म्हणाले, "दत्ता, मला वाटतं पाय ब्रेकवरच होता. पेडल पार खाली गेलं. पण सगळे म्हणतात तर... गाडी तू बघितलीस ना? ब्रेक ठीक होता?"
हो सर, म्हणालो. दुसऱ्यांदा.
खांद्यावर हात ठेवून गेले. हा माणूस एका मार्कासाठी मुलांना तासभर उभं करायचा. आता स्वतःची न केलेली चूक कबूल करून बसलाय. मला माझीच किळस येते.

९ ऑक्टो., गुरु.
मंगलला सांगितलं. "गप ऱ्हावा. मुद्दाम केलं हाय का तुमी? गावभर झालं तर कोन गाडी आनंल दारात?" मग जरा थांबून, "म्हाताऱ्याची गाडी सुटली, त्ये बरंच झालं की."
तिच्यावर ओरडलो. हे वाक्य माझ्या डोक्यात तिच्याआधी चार दिवस फिरत होतं.

१२ ऑक्टो., रवि.
सकाळी दोनदा नंबर लावून कट केला. चार वाजता पुन्हा लावला. सरांनीच उचलला, पहिल्या रिंगला. एका दमात सांगून टाकलं. सर, तुमचा पाय बरोबर होता. ब्रेकच गेला होता. मी नवमीला बघितलं नाही, नंतर गुपचूप दुरुस्त केलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं.
वाटलं, फोन ठेवतील.
मग आवाज आला, जुना, वर्गातला. "मला एकट्याला सांगून काय उपयोग? दहा दिवस झाले, ही माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तिच्यासमोर सांग. मुलालाही थांबवतो. उद्या दहाला हॉस्पिटलला ये." आणि ठेवायच्या आधी, "मला वेड लागलं नव्हतं तर."
मंगल स्वयंपाकघरातून विचारतेय कुणाचा फोन. दहाला पोचायचं तर नऊला निघायला हवं.