रंभाबाई, वय अंदाजे वीस

मुक्काम मुळशी,
आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १८४५

माण गावी शाळेच्या खुर्चीवर आणि आमच्या आक्काच्या धाकात सुखरूप असलेले राजमान्य राजश्री जयसिंगराव दाजी यांच्या पायांशी त्यांचा एकुलता एक मेहुणा कुशाबा याचा साष्टांग नमस्कार. इकडे दोन्ही बैल, नाथाकाका आणि मी खुशाल आहोत (हा क्रम काकांनीच सांगितला). तुमच्या खोकल्याला अडुळशाचा काढा लागू पडला की नाही ते कळवावे. पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला बसू नये. चौथीपर्यंत तुम्हीच शिकवलेत, तेव्हा निम्म्या चुका तुमच्याच आहेत.

आक्काला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुम्ही ओसरीवर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवणार आणि ती तांदूळ निवडत ऐकणार. म्हणून आधीच विनंती करून ठेवतो. जिथे मी कंसात 'मनात वाचा' असे लिहिले आहे तिथे मनातच वाचावे. मनात वाचताना तुमचे ओठ हलतात, तेवढे मिशीआड ठेवावेत.

आक्का माझ्यावर का रागावली आहे हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. तिच्या सख्ख्या भावाने तिला न विचारता, न बोलावता, हळदीचे बोटही न दाखवता लग्न उरकले, असे तिच्या कानावर गेले. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला कडेवर घेऊन पाणी भरणाऱ्या बहिणीला असे ऐकून काय वाटले असेल ते मला कळते. तर दाजी, तिला पहिल्याने सांगा की मी लग्न केलेले नाही. मग पाण्याचा तांब्या जवळ ठेवा आणि पुढचे वाचा.

गोष्ट शिमग्यापासून सुरू होते. आमच्या वाडीच्या सोंगांत गवळण रंभेचे सोंग नेहमी बाजी घेतो. यंदा बाजी धरणाच्या कामावर दगड वाहायला गेला. पंचांनी वाडीतल्या साऱ्या पुरुषांची तोंडे न्याहाळली आणि माझ्यावर बोट ठेवले. कारण एवढेच की माझी मिशी सगळ्यांत विरळ, काढली तर तिची कोणाला आठवण येणार नाही. हे साफ चुकले. मी सकाळी मिशी उतरवली आणि दुपारी चार गावांतली माणसे तोंडे पाडून दारात आली. नाथाकाकांना मूलबाळ नाही, त्यांचे करणारा मी एकटा. माझा ओठ भादरलेला बघून लोकांनी काकांना वर पोहोचवले होते. दार काकांनीच उघडले. एका पाहुण्याने घाबरून त्यांच्याच गळ्यात पडून त्यांच्याचसाठी रडून घेतले. काकांनी सगळ्यांना गूळपाणी दिले आणि आपल्याविषयी कोण काय चांगले बोलतो ते मन लावून ऐकले. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर लोभ वाढला आहे.

लुगडे राजाबाईचे होते. राजाबाई म्हणजे आमच्या शेजारची, खालच्या खाचरांची मालकीण, जिच्या आवाजाने नदीपलीकडची गुरे थबकतात तीच. तिने मला कासोटा घालायला शिकवले, पदर खोचायला शिकवले आणि चालताना ढांगा टाकल्या की पाठीत धपाटा घालायची. पाच दिवस मी रंभा झालो. (मनात वाचा: दाजी, आरशाचा फुटका तुकडा भिंतीला टेकवून मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले नाही. बाजूचे सगळे हसत होते. मला वाटले, ही बाई कुठेतरी भेटलेली आहे आणि ती सुखात दिसते आहे. मग मला उगीच रडू आले आणि डोळ्यांतले काजळ गालांवर उतरले. ते राजाबाईने पुसले आणि पुन्हा नीट घातले.)

रंगपंचमी झाली, सोंगे उतरली. लुगडे धुऊन परत द्यायचे होते. मी ते धुतले. पुरते स्वच्छ झाले नाही असे वाटून पुन्हा धुतले. चैत्र संपेपर्यंत मी ते एवढ्या वेळा धुतले की त्याचा रंग कोणता होता याविषयी आज वाद होऊ शकतो. शेवटी राजाबाईच दारात आली. वाळत घातलेल्या लुगड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. पर आवणीला बाया कमी हायेत, लुगडं नेसायचं आसंल तर बायांच्या पातीला यायचं. नुसतं नटून बसायचं न्हाई."

दाजी, तुम्ही शहाणे आहात, तुम्हीच हिशेब करा. धोतर पाच वार, लुगडे नऊ वार. कासोटा दोन्हींना असतो. माणूस आणि माणूस यांच्यामध्ये आडवे येणारे काय ते चार वार कापड, आणि तेवढ्यासाठी लोक एकमेकांच्या पंक्तीला बसायचे सोडतात. आषाढात मी बायांच्या पातीला उभा राहिलो, कमरेत वाकून चिखलात रोपे लावली आणि तिसऱ्या दिवशी पातीत नेहमी पहिली असणाऱ्या सगुणाबाईच्या पुढे गेलो. हे सगुणाबाईला अजून पचलेले नाही. बाकी बायांनी पहिला दिवस तोंडाला पदर लावून काढला, दुसऱ्या दिवशी मला गाणे म्हणायला लावले, तिसऱ्या दिवशी आपल्या सासवांची गाऱ्हाणी सांगितली. मी कोणाला काय सांगणार नाही हे त्यांनी कसे ओळखले कोण जाणे. तीच खाचरे उद्या धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणतात. त्यात माझ्या हातची रोपे एकदा तरी डोलली, याचे मला फार बरे वाटते.

नाथाकाकांना मी सगळे सांगून टाकले. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "लुगडं नेस न्हाईतर घोंगडी पांघर, सकाळी बैल सोडायचं इसरू नगं." आमच्या घरातला प्रश्न एवढ्यावर मिटला.

आता लग्नाकडे येतो. भादव्यात मोजणीवाल्यांचा कारकून आला. धरणाच्या पाण्यात कोणाचे घर जाणार, घरात माणसे किती, बैल किती, झाडे किती, सगळे वहीत लिहून घ्यायचे होते. सकाळी चावडीवर मी धोतर-पागोट्यात हजर होतो. घरात माणसे दोन, काका आणि मी, असे सांगून आलो. तो माणूस भारी संशयी निघाला. दुपारी घरे तपासायला पुन्हा दारोदार फिरला. त्या वेळी काका रानात होते आणि मी राजाबाईचे ते रंग उडालेले लुगडे नेसून ओसरीवर भात कांडत होतो. आत पळायला वेळ नव्हता. मी पदर पुढे ओढला आणि खाली मान घातली.

कारकुनाने विचारले, घर कोणाचे. आता मी काय सांगावे? घर कुशाबाचे म्हणावे तर 'कुशाबा कुठे आहे' हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी गप्प राहिलो. त्याने पुन्हा विचारले, मालकाचे नाव काय. मी जमिनीकडे बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागलो (भीतीने, लाजून नव्हे). तेव्हा त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तो आपल्या हाताखालच्या माणसाला म्हणाला, "राहू द्या, बाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लिहा, कुशाबाची बायको." मी माझेच नाव घेतले नाही म्हणून मी माझीच बायको झालो. मग त्याने माझे नाव विचारले. जे तोंडात आले ते बारीक आवाजात सांगितले. वहीत लिहिले गेले: रंभाबाई, कुशाबाची बायको, वय अंदाजे वीस.

(मनात वाचा: मी सव्वीस वर्षांचा आहे. 'अंदाजे वीस' ऐकून दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले नव्हते.)

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. पौडच्या चावडीवर यादी वाचली गेली. पलीकडच्या वाडीचा कोंडिबा गाडीवान तिथे बैलांना वैरण टाकत उभा होता. त्याने ती बातमी ताजी असतानाच माणला आक्काच्या दारात नेऊन पोहोचवली. आणि आक्काने मागच्या आठवड्यात त्याच्याच हाती निरोप धाडला. कोंडिबाने तो जसाच्या तसा आणला, मधली उसासे सोडायची जागासुद्धा गाळली नाही: "त्येला म्हणावं, तुझी भन मेली. भाऊबीजेला माझ्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगं. पर ती पोर परक्याच्या घरची, तिचा काय गुन्हा? तिला म्हणावं, तू ये." आणि निरोपाबरोबर गाठोडे. गाठोड्यात हिरवे लुगडे, खणाची तिने स्वतः शिवलेली चोळी, नारळ आणि मूठभर तांदूळ. नव्या सुनेची ओटी रिकामी राहू नये म्हणून.

दाजी, तुम्हीच सांगा, अशा बहिणीशी भांडावे तरी कसे.

गाठोडे सुनेच्याच हातात द्यायचे अशी कोंडिबाला आक्काची ताकीद होती. मी म्हटले, ती नदीवर गेली आहे. तो म्हणाला, बसतो. बसला. दोनदा तंबाखू खाल्ली, बैलांना पाणी दाखवून आला, पुन्हा बसला. शेवटी मी मागच्या दाराने गेलो आणि राजाबाईकडे लुगडे नेसून, पदर तोंडावर घेऊन पुढच्या दाराने आलो. कोंडिबाने उभे राहून, अगदी अदबीने, ओटीचे सामान माझ्या पदरात घातले. मग खाली बघून म्हणाला, "वैनी, पायात कुशाबाच्या व्हाना हायेत तुमच्या." मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. तो पाणी प्याला, गाडीत चढला आणि कासरा हातात घेत म्हणाला, "तुमच्या नणंदंला, रत्नाबाईला, सांगतू, वैनी ठसठशीत हाय. बाकी माझ्या तोंडातनं काय यायचं न्हाई. ज्येचं त्येनं सांगावं." म्हणून हे पत्र.

माझी अडचण ध्यानात आली असेलच. भाऊबीजेला भावाला उंबरा बंद आहे आणि भावजयीला उघडा आहे. भाऊ आला तर दार लागते, आणि भावजय आली तर ती भाऊच असते. दोघांतल्या कोणी यायचे, हे आक्कालाच विचारून कळवावे. मी कोणीही झालो तरी करंज्या तेवढ्याच खाईन.

काकांचा तुम्हाला आशीर्वाद. बैलही आठवण काढतात असे लिहिले तर तुम्ही चूक काढाल, म्हणून लिहीत नाही.

आपला, पायांची धूळ,
कुशाबा

ता. क. त्या कारकुनाला गाठून यादी दुरुस्त करून घ्या, असे तुम्ही म्हणाल. रंभाबाईला खोडायला मी जाणार नाही. आमचे घर जाईल, खाचरे जातील, पण ती होती असे एका कागदावर तरी राहील.

दुसरी ता. क. वर जिथे जिथे 'मनात वाचा' लिहिले आहे तिथे तुम्ही थांबला असाल, आक्काने निवडता हात थांबवून 'काय लपवताय' विचारले असेल आणि तुम्हाला घाम फुटला असेल. तेही वाचून टाका. मी ते तिच्यासाठीच लिहिले होते, तिच्यासमोर बोलायचा धीर नव्हता एवढेच.

तिसरी ता. क., ही आक्काला. आक्का, मी सहा वर्षांचा असताना तुझी चोळी घालून अंगणात आलो, तेव्हा तू पोट धरून हसलीस, मला कुंकू लावलेस आणि शेजारणींना बोलावून दाखवलेस. आठ वर्षांचा असताना घातली तेव्हा उलथन्याने मारलेस. मी दोन्ही वेळा तोच होतो गं. तुझा मार मी विसरलो, ते कुंकू नाही विसरलो. मी तुझा भाऊ आहे, ओवाळणी घालणारही मीच. पण तू परक्या पोरीला जी माया पाठवलीस ती माझ्या वाट्याची आहे असे मला वाटले, आणि खरे सांगतो, मला परत करवत नाही. करायला सांगशील तर धोतर नेसून येईन, गाठोडे दाजींच्या शाळेच्या कुंपणावर ठेवीन आणि तोंड न दाखवता माघारी फिरेन.

शेवटची ता. क. लुगडे फार चांगले बसले. चोळी मात्र दंडात आणि काखेत रुतते. तू अंदाजे वीस वर्षांच्या पोरीच्या मापाने शिवलीस, त्यात तुझी चूक नाही. उसवून पट्टी घालावी लागेल, आणि तसली बारीक टीप तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. कोंडिबा बाजाराला येईल तेव्हा त्याच्याकडे त्याच खणाचा चार बोटे तुकडा असला तर मला दाखवायला सांग. त्याने काही बोलायची गरज नाही. तुकडा बघितला की मी समजेन, आणि चोळी घेऊन येईन.