छपरावरची चंद्रकोर

तबूक, मंगळवार

आठवडाभर मान मोडून ॲम्ब्युलन्सच्या छपरावर लाल चंद्रकोर रंगवली; लाल क्रॉससारखी खूण, हिच्यावर बॉम्ब टाकायचा नसतो. गाडी युद्धात जाणार, वरून विमानाला नीट दिसली पाहिजे, म्हणून छप्परभर. गाडीच्या मागे, दृष्ट लागू नये म्हणून काळी चप्पलही काढली, चिपळूणला टेंपोंवर काढायचो तशी. फोरमन भडकला. म्हणे, इथे अरबांत चप्पल दाखवणं म्हणजे शिवी. मला काय माहीत?

आज ड्रायव्हर इद्रीस गाडी न्यायला आला. छपराकडे बघून म्हणाला, "ही मातीच्या रंगाने झाक. मागच्या गाडीवर ही खूण बघूनच बॉम्ब टाकला. डॉक्टर गेला, नर्स गेली."

इतकं सुबक काम माझं. झाकलं.

मग चप्पल पुसायला घेतली, तर त्याने माझा हात धरला. चेहऱ्यावर हसू नाही. "ही छपरावर काढ. वरून विमानाला नीट दिसली पाहिजे."