अर्ध्यावर थबकणारी बंदूक

आदरणीय ऑर्डेलमामा यांना भाचा रोलंड याचा नमस्कार.

तुमची कंबर, लव्हॉनमामीचा गुडघा आणि तळघरातला गळका नळ या तिघांची तब्येत कशी आहे ते आधी कळवा. इकडे जनीन बरी आहे. (माझ्यावर चिडलेली आहे, पण प्रकृतीने बरी आहे.) शाळेला सुट्टी लागली, मी चालवतो ती शाळेची बस उभी राहिली आणि मी दिवसभर घरी असतो, हे तिच्या चिडण्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेलं आहे.

ते म्हणजे माझी बंदूक. मार्चमध्ये मी तुम्हाला ऐटीत सांगितलं होतं, की यंदा क्लबच्या उन्हाळी नेमबाजीच्या सामन्यात मी स्वतःच्या हातांनी जुळवलेली बंदूक घेऊन उतरणार. सुटे भाग नऊ खोक्यांतून आले. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक स्प्रिंग असते आणि बसवताना ती हमखास उडते. म्हणून जाणकार लोक मोठ्या पारदर्शक पिशवीत बंदूक घालून, पिशवीतच हात खुपसून ती बसवतात. मीही तसाच बसलो होतो, आणि नेमक्या त्या वेळी आपल्या चर्चच्या पाद्रीबाई आजाऱ्यांच्या भेटीला निघालेल्या वाटेत आमच्याकडे डोकावल्या. कोपरापर्यंत पिशवीत हात घातलेल्या माणसाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि जनीनला हलक्या आवाजात विचारलं, ‘‘किती दिवसांपासून आहे हे?’’ (स्प्रिंग उडायची ती उडालीच. दोन दिवसांनी जनीनने भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशमध्ये माझ्या दाताखाली आली. तीच बसवली आहे.)

दिसायला बंदूक झकास झाली, पण चालेना. तिचं काम कसं चालतं हे तुम्हाला मी सांगणं म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखवणं, तरी माझं डोकं ठिकाणावर आहे याची खात्री पटावी म्हणून सांगतो. गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूच्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता दांडा, मागे जायला हवा, रिकामी पुंगळी बाहेर पडायला हवी आणि पुढचं काडतूस आपसूक आत यायला हवं. माझ्या बंदुकीचा बोल्ट अर्ध्यापर्यंत जातो आणि विचारात पडतो. पुंगळी दारात अडकते, ना आत ना बाहेर. सामन्यात वीस सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. मला पहिली झाडून पुंगळी नखाने उपसेपर्यंत शेजारचे लोक कॉफी प्यायला गेलेले असतात.

मग सल्ले सुरू झाले. क्लबातल्या ड्वेन क्वालेने एकदा पाहिलं आणि म्हणाला, ‘‘गॅस जास्त होतोय. आंधळ्यालाही दिसेल.’’ पलीकडच्या बाकावरून प्रिबिल म्हणाला, ‘‘कमी पडतोय. आंधळ्याला दिसेल, फक्त ड्वेनला दिसणार नाही.’’ हे दोघे तीस वर्षं शेजारी बसून नेम धरतात, आणि तीस वर्षांत त्यांचं एकमत फक्त माझ्या मूर्खपणावर झालं आहे. ड्वेनचं ऐकून मी बोल्टच्या मागचं वजन जड केलं, तर बोल्ट होता तेवढाही सरकेना. प्रिबिलचं ऐकून हलकं केलं, तर दोन गोळ्या चालल्या आणि तिसरीला पुन्हा तेच. बोल्टमागची मोठी स्प्रिंग बदलली. गॅसची नळी काढून पाहिली. ती मला सकाळी सरळ वाटली आणि दुपारी वाकडी. इंटरनेटवरचा एक दाढीवाला म्हणाला, तेल भरपूर घाला. दुसरा दाढीवाला म्हणाला, तेलानेच घात होतो. मी घातलं, पुसलं, पुन्हा घातलं. आता बंदूक धरली की हातातून सुटते आणि दार उघडायला गेलं की दाराची मूठही सुटते. शेवटी जनीन म्हणाली, ‘‘रोलंड, आता या बंदुकीत मूळचं काय राहिलंय? तू तेवढा राहिलायस.’’

मामा, इथून पुढचं लिहायला मला चार दिवस लागले. मूळचं आणखी एक राहिलं होतं. तुमच्या हातची काडतुसं.

तुम्ही दर हिवाळ्यात तळघरातल्या बाकावर बसून सगळ्या कुटुंबासाठी काडतुसं भरता, डब्यांवर पट्ट्या लावून नावं घालता आणि नाताळला वाटता. आपल्या घराण्यात देवावर शंका घेतलेली चालते (एडिथमावशीने घेतली, तरी तिला जेवायला बोलावतात), पण ऑर्डेलमामांच्या काडतुसांवर शंका आजवर कुणी घेतलेली नाही. माझ्याही मनात आली नाही. मी सगळी बंदूक बदलली, पण डबा बदलला नाही. परवा जनीनने न विचारता दुकानातून एक पाकीट आणलं, मला ढकलत मैदानावर नेलं आणि म्हणाली, ‘‘ही झाड.’’ वीसच्या वीस गोळ्या एका दमात सुटल्या. पुंगळ्या उजवीकडे नीट ओळीने पडल्या. आनंद मानावा की रडावं, मला कळेना. मी दोन्हींतलं थोडं थोडं केलं.

घरी येऊन तुमची पाच काडतुसं उघडली आणि आतली दारू तोलली. तीन हलकी निघाली, एक बरोबर, आणि एक चांगलीच जड. आपल्या सगळ्यांच्या हरणाच्या शिकारीच्या बंदुकांचा बोल्ट हाताने ओढायचा असतो, त्यामुळे काडतूस अशक्त आहे की नाही याचा त्यांना पत्ताच लागत नाही. माझ्या बंदुकीने तेवढी चुगली केली. हलकं निघालं तर गोळी नळीतच अडकू शकते. जड निघालं तर बंदूक गालाशी असतानाच फुटते. आणि तुम्ही दर शनिवारी हीच काडतुसं झाडता. मी फार घाबरलो, मामा. अजूनही घाबरलेलाच आहे.

मला वाटतं, तराजूच्या काट्याच्या रेघा तुम्हाला आता नीट दिसत नाहीत. आता काय करावं? जनीन म्हणते, मार्लिसला सांग, तिच्या वडिलांचा प्रश्न आहे. पण मार्लिसला कळलं तर ती त्याच आठवड्यात बाक विकेल आणि तुम्हाला व मामीला तलावाकाठच्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत नेऊन बसवेल, जिथे सगळे मिळून जिगसॉच्या चित्रांचे तुकडे जोडतात. न सांगावं तर तुमच्या जिवावर बेतेल, सांगावं तर तुमचं बाक जाईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तेलाने माखलेला मी. मी जनीनकडून आठ दिवस मागून घेतले आहेत.

बाकी विशेष काही नाही. टोमॅटो अजून हिरवे आहेत. मामीला नमस्कार.

तुमचा गोंधळलेला भाचा,
रोलंड

ता. क. गेल्या हिवाळ्यात भरलेला एकही डबा गुरुवारपर्यंत उघडू नका, ही हात जोडून विनंती. गुरुवारी जेवण झाल्यावर मी येतो. मला काडतुसं भरायला शिकायचं आहे. शिकायला बावन्न हे वय उशिराचं आहे, पण बंदूक जुळवताना माझी अक्कल किती आहे ते दिसलंच. तुम्ही तुमच्या खुर्चीवर बसा आणि किती घालायची ते सांगा. मी शेजारी बसून काटा वाचीन. दर गुरुवारी. आधीचे सगळे डबे आपण दोघांनी मिळून उघडू आणि पुन्हा भरू. मार्लिसने विचारलं तर रोलंड शिकतोय एवढंच सांगायचं, आणि ते खोटं नाही.

आणखी ता. क. पत्र एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, म्हणून पाकीट जाड झालं. मामीकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून असं केलं. तरीही अडलं तर मला फोन करा, मीच वाचून दाखवीन.

शेवटचं. क्लबात मी सांगून टाकलं आहे, की दोष माझाच होता, गॅसची नळी मी वाकडी बसवली होती. ड्वेन आणि प्रिबिल यांचं दुसऱ्यांदा एकमत झालं. शुक्रवारी क्लबातल्या माशांच्या जेवणाला ते तुमच्यासमोर माझी भरपूर टर उडवतील, आणि मार्लिस तुमच्या शेजारीच बसलेली असेल. तेव्हा तुम्हीही हसा, मामा. सगळ्यांत मोठ्याने हसा. मला वाईट वाटेल असं मनात आणून गप्प राहिलात, तर तिला लगेच कळेल.