चिमणीचा शिक्का

७ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझे कान दगा देतात. तीस वर्षं लोखंड ठोकल्यावर ते द्यायचेच. म्हणून पत्र. तुझी आई म्हणते, पत्रात तरी ओरडू नका.

बातमी अशी, की छपरावर सोलर बसवणाऱ्या घराला सरकार खर्चाचा वाटा देतं, उरलेली वीज कंपनी परत घेऊन बिलातून वजा करते, हे आता गल्लीत सगळ्यांना पाठ झालंय. नवीन काय, तर पॅनलखालचा लोखंडी स्टँड जवळपासच्या वर्कशॉपमधला असेल तर घरमालकाला आणखी थोडी सूट. फक्त त्या वर्कशॉपचा नमुना तुमच्या ऑफिसच्या तपासणीत पास झाला पाहिजे. गेलं वर्षभर गेटं आणि खिडक्यांची कामं आटली आहेत. माझ्याबरोबर बावीस वर्षं असलेला वेल्डर दुसरीकडे विचारपूस करतोय, हे तो मला सांगत नाही आणि मला कळतं. हे काम मिळालं तर शटर उघडं राहील.

नमुना पाठवलाय. स्टँड झकास झालाय. गंजू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून आणला, जोडला, हलवून पाहिला, लटकून पाहिला, आणि मनासारखा वाटल्यावरच उजव्या पायावर चिमणीचा शिक्का मारला. तू जन्मलीस तेव्हापासूनची पद्धत आहे, तुला सांगायला नको. सोलर बसवणारा इलेक्ट्रिशियन म्हणाला, फाईल तुझ्याच टेबलावर येते. मग काय, करून टाक सही.

तुझा,
बाबा

१५ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

फाईल आली. फोटोत चिमणी दिसली आणि टेबलाशी बसल्याबसल्या मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, मी काही नाही म्हणाले. मग उठून मोठ्या साहेबांकडे गेले आणि सांगितलं, की हे माझ्या वडिलांचं वर्कशॉप आहे, ही फाईल मी हाताळणार नाही. ती आता दुसऱ्या अधिकाऱ्याकडे आहे. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे गृहस्थ आहेत, पण तपासणीत सुईएवढी चूक सोडत नाहीत.

तुम्ही रागावणार, हे मला दिसतंय. पण बाबा, ही सूट मिळावी म्हणून मी दोन वर्षं भांडले आहे. लोकांना सोलर हवं होतं, सरकार मदत द्यायला तयार होतं, आणि स्टँड लांबच्या कारखान्यातून यायला चार-चार महिने लागत होते. लोक कंटाळून अर्ज मागे घ्यायचे. मीटिंगमध्ये मी म्हटलं, प्रत्येक गावात वेल्डिंग करणारा माणूस आहे, त्याला यात घ्या. ते बोलताना डोळ्यांसमोर तुम्हीच होता. म्हणून तर पहिल्याच वर्षी घरच्या फाईलवर माझी सही नको. कुणी बोट दाखवलं तर तुमच्यासारख्या सगळ्यांचंच दार बंद होईल.

सोबत नियमांची पुस्तिका पाठवते आहे. प्रत्येक अर्जदाराला पाठवतो. कृपा करून वाचा.

आईला नमस्कार. राग असला तरी लोभातच मोजावा.

तुमची,
चिमणी

२ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

नमुना नापास झाला. खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याखाली दहा दिवस ठेवला होता म्हणे. अख्ख्या स्टँडवर गंजाचा ठिपका नाही, फक्त शिक्क्याच्या जागी. परत आला तो समोर उभा आहे, चिमणी तांबडी होऊन बसलीय.

वेल्डर म्हणाला, शिक्का सोडा, पुढच्या वेळी पास होऊ. मी त्याच्यावर डाफरलो आणि मग जेवलो नाही. तुझ्यावरही रागावलोय, ते लपवत नाही. पोटच्या पोरीला दोन शब्द विचारले तर ती छापील पुस्तक पाठवते. ते पुस्तक ड्रिल मशीनच्या पायाखाली घातलंय, मशीन डगमगत होतं. पुन्हा नमुना पाठवायला मेअखेरपर्यंत मुदत आहे. पाठवावा की शटर ओढावं, ठरत नाही.

बाबा

९ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन रडले. काय चुकलं असेल याचा मला अंदाज आहे, पण तो तुम्हाला सांगितला तर बाकीच्या चाळीस अर्जदारांना कोण सांगणार? त्यांची मुलगी या ऑफिसात नाही. त्यांना जे सांगते तेच सांगते. मशीनखालून पुस्तिका काढा आणि वाचा. मशीनला लाकडाचा तुकडा लावा.

मुदत चुकवू नका. एवढं मात्र मुलगी म्हणून मागते.

चिमणी

२४ मे

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पास. चष्मेवाल्या साहेबांच्या सहीचा कागद पंधरवड्यापूर्वीच आला, पण पहिला स्टँड चढेपर्यंत पत्र थांबवलं. आईने तो शेजारी तीन घरांत फिरवून आणलाय, कोपरा दुमडला.

आता सविस्तर. तुझं पत्र आल्यावर आठ दिवस फुगून बसलो, मग पुस्तिका काढली. एकोणिसाव्या पानावर लिहिलंय, की भोक, खाच, शिक्का, जे काय ठोकायचं ते जस्तात बुडवण्याआधी. नंतर ठोकलं तर मुलामा फुटतो आणि तिथून गंज शिरतो. भोकं मी आधीच पाडत होतो. शिक्क्याचा विचार कधी केला नाही, तो नेहमी शेवटचा. खाली आणखी एक ओळ होती: ओरखडा डोळ्याने शोधू नका, डोळे मिटून बोट फिरवा. ती वाचून मी वेल्डरला हाक मारली. हे वाक्य या वर्कशॉपबाहेर कुणाला माहीत नाही. तू सात वर्षांची असताना स्टुलावर बसवून तुला शिकवलं होतं. पुस्तक कुणी लिहिलंय ते तेव्हा कळलं, आणि मी ते मशीनखाली घातलं होतं.

तरी एक गोष्ट टोचत होती. शिक्का म्हणजे माझी पसंती. काम पुरतं होण्याआधी पसंती कशी द्यायची? जस्तात बुडवताना स्टँड वाकला, तर चिमणी खोटी पडेल. दोन दिवस हातोडी हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मग मारला आधी. परत आला तेव्हा पायावरची चिमणी जस्ताने चकचकीत झाली होती. डोळे मिटून बोट फिरवलं, कुठे अडलं नाही.

पहिला स्टँड दवाखान्याच्या छपरावर चढला. पॅनलला बॅटरी जोडलीय, नर्सबाई म्हणाल्या, दुपारी वीज गेली तरी लसींचा फ्रीज आता बंद पडत नाही. अकरा घरांनी नाव नोंदवलंय आणि वेल्डर कुठेही जात नाही. तू सही केली असतीस तर लोक म्हणाले असते, मुलीने केलं. आता म्हणतात, म्हाताऱ्याने केलं. खरं काय ते आपल्या दोघांना ठाऊक आहे.

आणि आधी मारलेल्या शिक्क्याची मी उगाच धास्ती घेतली. तुझं नाव ठेवलं तेव्हा तू जेमतेम आठवड्याची होतीस. कशी निघशील हे कुणाला माहीत होतं? तरी त्याच दिवशी लोखंड तापवून चिमणी कोरायला घेतली होती. लोभ तेव्हापासून आहे, तो तसाच असू दे.

तुझा,
बाबा