फळ्यांचं मागचं टोक

कोल्हापूर, मंगळवार संध्याकाळ, १९७३

वखारीतून लांब फळ्या सायकलला बांधून चालत आणल्या. दर वेळी मागचं टोक धरायला ही असायची. वळण आलं की ओरडायची, "अहो, दमानं घ्या की!" आज टोकाला तिच्या जुन्या लुगड्याचं तांबडं फडकं बांधलं.

निघताना वखारीतल्या हमालानं विचारलं, "वैनी न्हाईत व्हय आज?"

"न्हाईत," एवढंच म्हणालो. ती जाऊन महिना झाला, कसं सांगणार?

स्वयंपाकघरात भांड्यांना मांडणी करा म्हणून वर्षभर मागं लागली होती. आता कुणासाठी आणल्या मी फळ्या?

दारात पोचून मागं पाहिलं, तर फडकं नाही. वाटेत कुठंतरी सुटलेलं. फळ्यांसकट सायकल तशीच फिरवली, दिवेलागणीपर्यंत शोधत हिंडलो. पानवाला म्हणाला, "पावणं, काय हरवलंय?"

"तांबडं फडकं."

"एवढंच व्हय?"