सज्जावरची अंडी

गजेंद्र भाऊजी,

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून मी अमरावतीले चालली. उद्या संध्याकाळी येईन. डब्यात दोन उकडलेली अंडी, मुगाची उसळ अन् भाकर आहे. व्यायाम घेणाऱ्या मॅडम अकराले येतील. त्याच्या आधी खाऊन घ्या.

काल त्यायनं मले दारात थांबवून विचारलं, "तीन महिने झाले, यांची मांडी काहून भरून नाही राहिली? पोटात काही गेल्याशिवाय निसता व्यायाम काय करंल?"

कारण मले माहीत होतं. सकाळीच कपडे वाळू घालताना तुमच्या खिडकीचा सज्जा पाह्यला होता. अंडी, उसळ, समदं तिथं मांडलेलं. तुमचं ताट वाजलं की आता कावळे आधीच येऊन बसतात.

अपघात झाला तवा गाडी तुमी चालवत होते, तुमचे दादा मागं होते. म्हणून त्यांचा घास पोचवून राहिले, हे समजते मले. पण दहाव्याले तुमी दवाखान्यात होते. कावळा शिवला का, हे तुमी विचारलं नाही अन् आमी सांगितलं नाही.

तासभर शिवत नव्हता. मामाजीनं वावराचं सांगून पाह्यलं, आत्याबाईनं माझं नाव घेतलं. शेवटी मी हात जोडून म्हटलं, "तुमच्या भावाले मी पायावर उभं करीन." तवा शिवला.

ते जेवून गेले, भाऊजी. आता मले त्यांच्यासमोर खोटी पाडू नका.

रागिणी वहिनी