साठ मिलिमीटरची पुली

२ मार्च, सोमवार

दादाच्या गाडीतल्या बूस्ट गेजचा काटा अकरा पौंडांवर का जातो? याचं उत्तर मला देता येत नाही. इथे लिहायला हरकत नाही, बाहेर बोलणार नाही.

आजपासून गॅरेजमध्ये अंदाज बंद, गणित सुरू. बाबा कानाने इंजिन लावतात. दादा म्हणतो त्याला सीटमधून कळतं. घरात पदवी माझी एकटीची, तेव्हा विज्ञानाची जबाबदारीही माझीच. पंधरा तारखेला घाटातली शर्यत आहे आणि दादाला जास्त ओढ हवी आहे.

३ मार्च, मंगळवार

गणित झालं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, मोठी पुली पट्ट्याने त्याची छोटी पुली फिरवते. क्रँकची दीडशे मिलिमीटर, पंपाची पंचाहत्तर, म्हणून क्रँकच्या एका फेरीला पंपाच्या दोन फेऱ्या. एका फेरीला नऊशे सीसी हवा, एकूण अठराशे. इंजिन दोन हजार सीसीचं. म्हणजे पंप देतो त्याहून इंजिन जास्त पितं. बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा जादा दाब, शून्याच्याही खाली.

म्हणजे इतकी वर्षं दादा ज्याला ओढ म्हणत होता तो भ्रम होता. हे त्याला हळूच सांगितलं. तो म्हणाला, मग मागच्या वेळी मी भ्रमातच दुसरा आलो का गं? आणि गेजचं काय? गेज बिघडलंय, असं मी सांगितलं.

पंपाची पुली साठची केली तर बूस्ट जेमतेम दोन पौंड येतो. अगदी सोसवेल इतका.

५ मार्च, गुरुवार

बाबांनी जुनी पुलीच लेथवर उतरवून साठची केली. आता माघार नाही. जुना पट्टा सैल पडला, म्हणून आखूड नवा मागवला.

बाबांनी भिंतीवर पिवळ्या ऑइल पेंटने लिहिलं: बूस्ट २ पौंड. खाली माझं नाव, नावापुढे बी.ई. मी म्हटलं, खडूने चाललं असतं. ते म्हणाले, खडू पुसला जातो.

७ मार्च, शनिवार

पुली बसवली. गेज सतरा दाखवतं.

शेजारच्या वेल्डरकाकांचं गेज आणून लावलं. तेही सतरा. दोन्ही एकाच कंपनीची निघाली. उत्पादनातला दोष किती सर्रास असतो, यावर कधीतरी लेख लिहायला हवा.

९ मार्च, सोमवार

गेज काढून टाकलं. चुकीची माहिती माहिती नसण्यापेक्षा वाईट. दादा उगाच काट्याकडे बघत बसतो.

चढावर आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. दादाला म्हटलं, नवा पट्टा बसतोय. तो म्हणाला, पट्टा बसतो तेव्हा चुंईचुंई करतो, हा दात खातोय. बाबांनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. भिंतीकडे पाहिलं आणि हात पुसत आत गेले.

११ मार्च, बुधवार

स्पार्क प्लग काढून पाहिले. पांढऱ्या भागावर बारीक चमकदार कण. सुंदर दिसतात. बहुधा आतली जुनी घाण जळून साफ होते आहे. प्लग पुसून परत लावले.

निश्चय: उद्यापासून लवकर झोपायचं. उगाच विचार येतात.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा कण. पिस्टन ज्या धातूचा असतो तो असाच चमकतो, हे पुस्तकात आहे. पण पुस्तकात सगळ्यात वाईट तेच लिहितात.

वहिनी शर्यतीत दादाशेजारी बसणार, वळणं वाचून दाखवायला. आई म्हणाली, तिला कशाला नेतोस. दादा म्हणाला, घरचीच इंजिनियरीणबाई आहे, भीती कसली? वहिनी म्हणाली, मला भीती ह्यांच्या ब्रेकची, तुमच्या गणिताची नाही हो. सगळे हसले. मीही.

जेवताना दादाने सहज सांगितलं की वळणावर इंजिन जॅम झालं तर मागची चाकंही जॅम होतात, मग गाडी कुठे जाईल ते तिचं तीच ठरवते. मी दुसरी पोळी परत डब्यात ठेवली.

१४ मार्च, शनिवार, संध्याकाळ

बाबा व्हॉल्व्हची गॅप बघत होते. वरचं झाकण काढलेलं. ते पान्याने क्रँक फिरवत होते, मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी.

पहिल्या सिलिंडरचा हवा घेणारा व्हॉल्व्ह उघडला, मिटला. बाबांनी क्रँकची पूर्ण फेरी मारली. तो उघडला नाही. दुसरी मारली, तेव्हा उघडला.

दोन फेऱ्यांत एकदा. हे मला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून येतं. दादालाही मीच शिकवलं होतं. म्हणजे इंजिन एका फेरीत दोन हजार नाही, हजारच सीसी पितं. मी दोनने भागायचं विसरले. पंपाच्या अडीच फेऱ्यांची सव्वाबावीसशे... नाही, बावीसशे पन्नास सीसी हवा, हजारांच्या जागेत. बूस्ट अठरा पौंडांच्या आसपास. गेज खरं बोलत होतं. दोन्ही गेजं.

मी बॅटरी भिंतीकडे वळवली म्हणून बाबांनी वर पाहिलं. म्हणाले, तो आवाज मला पटत नव्हता गं. रविवारी गाडी सोडायची नाही असंच ठरवलं होतं मी. मग म्हटलं, तू बघितलंयस ना.

मी हो म्हटलं.

दादाला सांगायला गेले. तो वहिनीला हेल्मेट घालून बघत होता. मी म्हटलं, पट्टा जरा निकृष्ट वाटतो. तो म्हणाला, मग एक दिवस पुरेल एवढा चांगला आहे ना? त्यालाही हो म्हटलं.

१५ मार्च, रविवार, सकाळ

सगळे झोपलेले असताना गॅरेज उघडलं. पट्टा कात्रीने कापला जात नाही. अजिबात निकृष्ट नव्हता. बाबांच्या लोखंड कापायच्या करवतीने कापला. आज सुट्टी, दुसरा मिळणार नाही.

कापलेला पट्टा भिंतीवरच्या माझ्या नावाखालच्या खिळ्याला टांगला. पिवळा रंग शिल्लक होता. दोन खोडून अठरा लिहिले. मग बाबांना उठवून गॅरेजमध्ये आणलं आणि दिवा लावला.